पाच रुमालांचं दप्तर

आमच्या वांगडाचा इतिहास माझ्या आईने माडाच्या मुळात घातला, ही गोष्ट खरी आहे. त्या माडाला पुढच्या वर्षी नारळ बरे धरले, हेही खरं आहे. बाकीच्या तपशिलावर आमच्या घरात अजून एकमत नाही, म्हणून माझी बाजू मी इथे जाहीरपणे मांडते.

त्या दिवसांत गोव्यात दोन प्रश्न होते. घटक राज्य कधी होणार, आणि झाल्यावर ते कुठल्या भाषेत बोलणार. पहिल्या प्रश्नासाठी सगळे दिल्लीकडे बघत होते. दुसऱ्यासाठी सगळे एकमेकांकडे बघत होते, आणि ती नजर बरी नव्हती. मी मराठीच्या बाजूची. नुसती बाजूची नव्हे, पत्रकं काढणारी. सकाळचा चहा झाला की मला कशाचा तरी निषेध करावासा वाटायचा, आणि दुपारपर्यंत तो छापायला तयार असायचा.

माझं सर्वांत गाजलेलं (म्हणजे मी सर्वांत जास्त छापलेलं) पत्रक होतं ‘पेडणेकरा, जागा हो!’ सावंतवाडीच्या एका छापखान्यात लग्नपत्रिकांचा पिवळा कागद उरला होता, तो स्वस्तात मिळाला म्हणून क्रांती पिवळ्या रंगात निघाली. पत्रकाच्या तळाशी ठळक अक्षरांत मी सूचना टाकली होती : ‘वाचून झाल्यावर शेजारच्या घरी द्यावे.’ लोकांनी पहिल्याच अटीवर मला अडवलं. मग उरलेले गठ्ठे माझ्या खाटेखाली आले आणि तिथून घरभर पसरले. आई त्यांनी लोणच्याच्या बरण्यांची तोंडं बांधायची. चूल त्यांनी पेटायची. पेडण्याच्या बाजारात बाबांचं सुपारी-खोबऱ्याचं दुकान होतं, तिथे पुड्या त्यातच बांधल्या जायच्या. एकदा एक गिऱ्हाईक म्हणालं, सुपारी नको, नुसता तो पिवळा कागद द्या. माझं ऊर भरून आलं. त्याला स्कूटरची सीट पुसायची होती.

आता दप्तराबद्दल सांगते, कारण सगळा घोळ तिथला आहे.

पेडण्यातल्या चोपड्याच्या वरच्या अंगाला आमचं गाव. गावात मूळ घराणी पाच, त्यांना वांगड म्हणतात. या पाच वांगडांचं मिळून एक दप्तर. दप्तर म्हणजे फणसाच्या लाकडाची पेटी, आणि तिच्यात पाच रंगांच्या रुमालांत बांधलेली जुन्या मोडी कागदांची पाच बोचकी. आमचा रुमाल हिरवा. पेटी एका दसऱ्यापासून दुसऱ्या दसऱ्यापर्यंत एका घरात राहते. दसऱ्याच्या दिवशी दुपारनंतर पाचही वांगडांचे वडीलधारे येतात, बोचकी पाटांवर मांडली जातात, ज्याने त्याने आपापल्या बोचक्यावर झेंडूचं फूल आणि आपट्याचं पान ठेवायचं, हात जोडायचे, आणि पेटी पुढच्या घरी रवाना. या सगळ्यात एक गोष्ट कोणी कधी करत नसे. ती म्हणजे रुमाल सोडणं. मोडी कोणाला येत नव्हती, त्यामुळे सोडून करायचं काय, हा प्रश्नही निघत नव्हता.

त्या वर्षी पेटी आमच्या घरी होती, आणि त्या वर्षभर बाबा नीट झोपले नव्हते. त्याला कारण होतं. पूर्वी कधीतरी वरच्या वाड्यावरच्या श्रीधरकाकांच्या आज्याने पेटी परत केली, तेव्हा तिच्यातून उंदराची चार पिल्लं निघाली. तेव्हापासून त्या घराची पाळी गेली. पंगतीत त्यांना शेवटी बसवतात आणि पोस्टमनसुद्धा त्या घराला ‘उंदराचं घर’ म्हणतो. बाबांना पाळी पहिल्यांदाच मिळाली होती. पेटीसाठी ते माझ्या मामेबहिणीच्या लग्नाला गेले नाहीत, पावसाळ्यात पेटीखाली चार विटा आणि त्यांच्याखाली चार वाट्या पाणी ठेवून मुंग्यांवर पहारा करत बसले, आणि पेटीची किल्ली त्यांच्या करदोट्याला बांधलेली असे. ते आंघोळ करताना किल्लीचा आवाज यायचा. दप्तर जसंच्या तसं परत द्यायचं, एवढी एकच महत्त्वाकांक्षा त्या माणसाला होती. मोर्चे, सभा, ठराव यांतून मला ती दिसली नाही.

मला दिसला पुरावा!

त्याचं असं झालं. हरमलचा दिगंबर म्हणजे दिगू, माझा कॉलेजातला मित्र आणि कोंकणीचा कट्टर कैवारी. (त्याच्या घरी दोन खोल्या गोऱ्यांना भाड्याने दिलेल्या आणि दारावर पाटी इंग्रजीत, पण तो मुद्दा मी सभांसाठी राखून ठेवला होता.) तो मला भर बाजारात म्हणाला, “सुमन, तुजीं पत्रकां कोण वाचता गो? पुरावो हाड पुरावो.” मी तिथल्या तिथे जाहीर केलं की आमच्या घरात शेकडो वर्षांचा पुरावा पेटीत बंद आहे, तो वाचून मी देवनागरीत उतरवणार, छापणार, आणि ज्याला यायचं त्याने बघायला यावं. दिगू म्हणाला, “जेवण आसा?” मी आहे म्हटलं.

म्हणून मी घरी लेखनसत्र ठरवलं. भिंतीवरच्या बँकेच्या कॅलेंडरात बघितलं : आज खंडेनवमी, सुट्टी. उद्या दसरा. म्हणजे एक अख्खा दिवस हातात. कागद वाचायचे, उतरवायचे, परत बांधायचे. बाबांना कळायचंही नाही. पंचांग आई बघायची. मी त्याला कालबाह्य समजत होते.

किल्ली कशी मिळवायची यावर मी रात्रभर युक्त्या योजून ठेवल्या होत्या. सकाळी बाबा देवळात तोरणं बांधायला गेले आणि जाताना किल्ली स्वतःच आईकडे देऊन गेले. मला आश्चर्य वाटायला हवं होतं. मला तो चळवळीचा विजय वाटला. मी आईला म्हटलं, “मी आणि माझे मित्र आज पेटी उघडून बसणार आहोत.” आईच्या चेहऱ्यावर असा आनंद मी दहावीच्या निकालालाही बघितला नव्हता. “बस गो बाय,” ती म्हणाली, “तुका सुचलां ह्यांच खूप झालां,” आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली. वर म्हणाली की ती आज मणगणं, वडे आणि खतखतं करतेय. माझ्या कार्याला घरून मिळालेला हा पहिला मान. मी भारावून गेले.

नऊच्या सुमारास मंडळी आली. दिगू त्याच्या स्कूटरवरून, मागे सदानंद मास्तरांना बसवून. मास्तर मूळचे नार्व्याचे, निवृत्त, आणि आमच्या माहितीतले मोडी येणारे एकमेव गृहस्थ. डिचोलीहून बसने रमाकांत आला. रमाकांत आमचा वक्ता. त्याचा भाऊ खाणीवर ट्रक चालवून कमी ऐकू लागलेला, म्हणून घरातल्या घरात त्याच्याशी बोलायचं तर ट्रकच्या वर आवाज काढावा लागायचा, त्यामुळे रमाकांतला माईक कधी लागला नाही. दुर्दैवाने माईक नसतानाही तो थांबत नसे.

मी सोप्यावर चटई अंथरली. आईची आणि शेजारची मिळून पाच सुपं आणली. एकेक बोचकं एकेका सुपात सोडायचं, म्हणजे कागद मिसळणार नाहीत, ही माझी शास्त्रीय पद्धत. मास्तर वाचणार, दिगू लिहिणार (अक्षर त्याचं चांगलं, कोंकणीवाद्याच्या हातून मराठी लिहून घेण्यात मला वेगळा आनंद होता), रमाकांत ताडून बघणार आणि मी देखरेख करणार. चार बोचकी सुटली. कागदांना जुन्या देवघरासारखा वास येत होता. पाचवं, म्हणजे आमचं हिरवं, काही केल्या सुटेना. गाठ इतकी जुनी की तिचं लाकूड झालं होतं. ते मी स्वयंपाकघरात आईला देऊन आले, “तुझ्या हाताने सोडव,” म्हणून. आमच्या घराण्याचे कागद शेवटी, समारोपाला वाचायचे होते. चार मळके रुमाल सोप्याच्या दाराशी पडले होते, ते आईने येताजाता उचलले. मी तिच्याकडे बघितलंही नाही. इतिहास घडत असताना कोण रुमालांकडे बघतं?

मास्तरांनी पहिला कागद हातात घेतला. मोडीत लेखणी सहसा उचलत नाहीत, शब्दांत जागाही सोडत नाहीत. डावीकडून उजवीकडे एक लांबच लांब शेवयांची ओळ. मास्तर ती नाकाजवळ नेत, उजेडासाठी जनेलापाशी नेत, उलटी करत, आणि मग चेहरा उजळून म्हणत, “हे बघा, इथे ‘नार्वे’ दिसतंय.” दुसऱ्या कागदातही नार्वे दिसलं. तिसऱ्यात एका शेताचा वाद होता, ते शेत नार्व्याला मिळालं. साडेदहापर्यंत आमच्या गावचं देऊळ, तळी आणि खाजणाचा निम्मा भाग मास्तरांनी नार्व्याला जोडून टाकला. मी म्हटलं, “मास्तर, हे दप्तर पेडण्याचं आहे.” मास्तर शांतपणे म्हणाले, “म्हणूनच तर. तुमच्याकडे लिहिण्यासारखं दुसरं काय होतं?”

दिगूने तेवढ्यात लेखणी खाली ठेवली. त्याचं म्हणणं पडलं की कागद मराठीत असेनात का, ते लिहिणारा माणूस घरी बायकोशी कोंकणीतच बोलत असणार. रमाकांत उठून उभा राहिला. त्याने सुरुवात “बंधुभगिनींनो” अशी केली (भगिनी मी एकटीच) आणि त्या अज्ञात लेखनिकाच्या बायकोला मराठी येत होती हे तिच्या वतीने ठणकावून सांगितलं. दिगूने विचारलं, तुला काय माहीत, तू तिला भेटला होतास? मी मध्ये पडले, मग मास्तर मध्ये पडले, त्यांच्या मते ती बाई नार्व्याची. तासभर आम्ही एका मेलेल्या बाईच्या बोलण्यावरून भांडलो. दिगू तापला की मराठीत बोलायचा, रमाकांत तापला की कोंकणीत शिव्या द्यायचा, आणि माझ्या तोंडात दोन्ही. आम्ही नेमक्या कुठल्या भाषेत भांडतोय, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही. आई मध्येच येऊन उंडे आणि चहा ठेवून गेली. जाताना म्हणाली, “हात चलयात हां, नुसतीं तोंडां नकात.” मला वाटलं, काय ही तळमळ!

त्या दिवशी सकाळपासून वीज नव्हती. पेडण्यात ही बातमी नव्हे. सोप्यावरच्या मेजावर पंखा होता, त्याचं बटण कोणीतरी चालू ठेवलं होतं, आणि वीज नसताना बटणाकडे कोण लक्ष देतं? रमाकांत भाषणाच्या शेवटाकडे आला होता. “आमचा इतिहास,” तो हात उंचावून म्हणाला, “कोणी उधळू शकणार नाही!”

वीज आली.

चारही सुपं एकदम रिकामी झाली. कागद छपराला लागले, जनेलाच्या गजांत अडकले, दोन मास्तरांच्या डोक्यावर बसले, एक दिगूच्या चहात पडला. पंखा मान फिरवून फिरवून एकही कोपरा सुटणार नाही याची काळजी घेत होता. बंद करायला चौघेही धावलो, त्यामुळे कोणालाच बटण सापडेना. शेवटी सगळे कागद गोळा झाले तेव्हा चटईवर एकच ढीग होता. कुठला कागद कुठल्या वांगडाचा, हे फक्त मास्तर सांगू शकत होते, आणि ते सगळे नार्व्याचे म्हणत होते.

यावर उपाय माझाच. ढिगाचे चार सारखे भाग करायचे. रमाकांतने याला समतेचं तत्त्व म्हटलं, दिगूने पत्त्यांसारखे वाटले, आणि शेकडो वर्षांची चार घराण्यांची मालमत्ता दहा मिनिटांत सगळ्यांना सारखी मिळाली. (इतकी शांततेत झालेली वाटणी गोव्यात दुसरी असेल तर मला कळवावी.) तोपर्यंत जेवण तयार झालं. मणगणं उत्तम होतं. मास्तर तीन वाट्या खाऊन सोप्यावर आडवे झाले आणि छातीवर एक सनद ठेवून झोपले. आई सारखी म्हणत होती, “आवरा हां, आवरा आता.” मी म्हटलं, “आई, घाई काय? दसरा उद्या आहे.”

आईच्या हातातली कुलेर खतखत्याच्या भांड्यातच थांबली.

“उद्यां?” ती म्हणाली. “नवमी दुपारी सोंपली. दसरो आज. दारार तोरण दिसणा नाय तुका? मणगणां कोणाक केलंय मी, त्या मास्तराक?”

तेवढ्यात देवळाकडून ढोल ऐकू आला.

मी विचारलं, मग तू सकाळी किल्ली कशाला दिलीस. आई म्हणाली, पेटी साफ करायला दिली, दुसरं कशाला? आज वडीलधारे येणार, बाबा सांगून गेले होते पेटी पुसून ठेवायला. मुलगी स्वतःहून म्हणाली, मित्र घेऊन बसते, म्हणून तिला बरं वाटलं. “आणि म्हणान,” ती म्हणाली, “तुमी कागद झाडतास तंवसर मी रुमाल धुतले.”

मी परसात धावले. दोरीवर पाच रुमाल वाळत होते. सकाळी ते लाल, पिवळा, निळा, पांढरा आणि हिरवा होते. सोडा घातलेल्या गरम पाण्यात एकत्र बुडाल्यावर लाल रुमालाने बाकीच्या चौघांना आपल्यात सामावून घेतलं होतं. पाचही आता गुलाबी होते. लहान मुलीच्या बारशाला शोभतील असे. कुठला कोणाचा, हे आता नार्व्याच्या मास्तरांनासुद्धा सांगता आलं नसतं.

“आमचं बोचकं कुठाय?” मी विचारलं. “हिरव्यातलं?”

“त्यात कागद खंयचे?” आई म्हणाली. “गाठ सोडलंय तर नुसती वाळवीची माती. ती मी माडाच्या मुळात घातलंय.”

मी माडाकडे बघितलं. आळ्यात तांबूस ढेकळं होती आणि त्यांवर आईने सवयीप्रमाणे एक तांब्या पाणीही ओतलं होतं. वाळवी कोणाच्या पाळीत लागली, दहा वर्षांपूर्वी की शंभर, ते कोणाला ठाऊक असणार? रुमाल कोणी सोडतच नव्हतं. पण सापडणार होती ती बाबांच्या पाळीत.

बाबा मागच्या दारानेच आले, घामाघूम, कपाळाला कुंकू. मंडळी शेजारी चहाला थांबलीत, आता येतील, पेटी तयार ना, असं विचारता विचारता त्यांना सगळं एकदम दिसलं. सुपं, ढीग, सनद पांघरून झोपलेले मास्तर, दोरीवरचे पाच गुलाबी रुमाल आणि मी. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. निषेधाला उत्तर कसं द्यायचं ते मला येतं. ते पायरीवर बसले. करदोट्याला किल्ली नव्हती, तिथे उगाच हात गेला.

“पंगतीत आता श्रीधराच्या बाजूक बसूचां लागतलां,” ते म्हणाले. बस, एवढंच.

त्यानंतर आमच्या घरात जे झालं, त्यात भाषेचा प्रश्न निघाला नाही. दिगूने कोळशाची इस्त्री पेटवली आणि ओले रुमाल एकेक करून वाळवायला घेतले. त्याच्या हातून वाफ निघत होती आणि कपाळावरून घाम. रमाकांत न बोलता गाठी मारत होता; मी त्याला ओळखते तेव्हापासून हे पहिल्यांदा. मास्तरांना उठवून सनद काढून घेतली. चार बोचकी झाली. पाचवा रुमाल रिकामा माझ्या हातात होता, आणि मी बाबांना सांगत होते की खरं ते सगळ्यांसमोर मांडू, वाळवीचा जाहीर खुलासा करू, हवं तर मी निवेदन लिहिते. बाबांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, तिचं वर्णन करायला माझी मराठी अपुरी आहे. आईने रुमाल माझ्या हातातून ओढला आणि आत गेली. “तू जाऊन पाट मांड,” म्हणाली.

वडीलधारे आले. पुढे भिकूआबा, पाच वांगडांत सगळ्यांत मोठे, डोळ्यांत मोतीबिंदू, हातात काठी. मागे बाकीचे. पाटांवर पाच बोचकी होती, पाचही गुलाबी, पाचही गरमागरम. भिकूआबा वाकले. त्यांनी रुमालावरून हात फिरवला, बोटं नाकाशी नेली. बाबांचा श्वास मला ऐकू येत होता, म्हणजे येत नव्हता.

“धुतल्यात?” आबांनी विचारलं.

“होय,” आई दारातून म्हणाली.

“बरां केल्यात,” आबा म्हणाले. “माझ्या बापाशीच्या वेळेक धूक होये होते.”

आता कोणतं कोणाचं, हा प्रश्न आला. रंगावरून ओळखणारे सगळे एकमेकांकडे बघू लागले. आई पुढे आली आणि पंगतीत वाढावं तसं बोटाने दाखवत गेली : हां तुमचां, हां तुमचां, तां त्यांचां. तिचा आवाज असा की कोणी शंका काढली नाही. (मी सभांत जन्मभर हाच आवाज शोधत होते. तो आमच्या स्वयंपाकघरात होता.) शेवटचं आमचं. भिकूआबा म्हणजे आमच्याच वांगडाचे थोरले, त्यामुळे फूल घालायचा मान त्यांचा. त्यांनी बोचकं उचललं, हातावर तोललं.

“काय रे बाबल,” ते म्हणाले, “वर्सभरात आमचां बोचकां वाढलां?”

“पाऊस खूप झालो आबा,” बाबा म्हणाले. “दमट धरलां.”

आणि तेव्हा मला ते दिसलं. रुमालाच्या घडीतून एक कोपरा बाहेर आला होता. पिवळा. लग्नपत्रिकेचा पिवळा. त्यावर काळ्या ठळक शाईत ‘पेड’ एवढं वाचता येत होतं. पुढचं ‘णेकरा, जागा हो’ आत होतं, आणि फुगवट्यावरून बघता खाटेखालचा एक अख्खा गठ्ठा आत होता. आई दाराच्या चौकटीला टेकून शांतपणे पदराला हात पुसत होती. बाबा पुढे झाले, बोचकं सावरल्यासारखं केलं आणि अंगठ्याने तो कोपरा आत सारला. अंगठा मात्र तिथून काढला नाही.

भिकूआबांनी झेंडूचं फूल ठेवलं. आपट्याचं पान ठेवलं. हात जोडले. त्यांच्यामागे सगळ्यांनी जोडले. दिगूलाही जोडावे लागले, माझ्या मराठीवादी पत्रकापुढे, इस्त्रीने भाजलेल्या बोटांनी. तिथे मी समाधान मानून थांबायला हरकत नव्हती. पण आबांनी माझ्याकडे तोंड वळवलं.

“तू शिकलेली,” ते म्हणाले. “मोडी वाचतलो माणूस हाडलंस म्हणतत. आमी इतकीं वर्सां फुलां घालतो, पण भितर काय लिवलां तां कोणी सांगूक नाय. तू सांग बघू. आमका पण कळांदे.”

बाकीचे चौघे सरसावून बसले. एक जण कानामागे हात धरून पुढे झुकला.

वर्षभर मी पेडण्याच्या बाजारात उन्हात उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला हात जोडत होते, की एवढं वाचा. एकानेही वाचलं नव्हतं. आणि आता पाच गावकरी, पाटांसमोर मांडी घालून, फुलं वाहून, मला विनवत होते की तेच वाचून दाखव! असा श्रोतृवर्ग कुठल्या प्रचारकाला मिळालाय? आणि माझं ते पत्रक चांगलं होतं हो. दुसरा परिच्छेद तर फारच चांगला होता. मी बाबांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. ते आपल्या अंगठ्याकडे बघत होते.

“आबा,” मी म्हटलं, “त्यात वाचण्यासारखं काही नाही.”

“मगे असूं दे तसांच,” आबा म्हणाले, आणि बोचकं पेटीत गेलं. पेटी पुढच्या घरी गेली. त्या रात्री पंगतीत बाबा भिकूआबांच्या उजव्या हाताला बसले आणि दोनदा भात मागून घेतला. दिगूने स्कूटरला किक मारताना मला म्हटलं, “वर्सभरांत पयलेच फावट तुजें म्हणणें माका पटलें गो,” आणि मास्तरांना घेऊन निघून गेला. मास्तर जाता जाता म्हणत होते की ते पाचवं बोचकं वाचायचं राहिलं. त्यात नक्की नार्वे असणार.

पुढे घटक राज्य झालं. भाषेचा कायदाही झाला, आणि दोन्ही बाजूंना आपण फसवले गेलो असं वाटलं, म्हणजे तो बराच न्याय्य असावा. माडाचे नारळ आम्ही खातो. आता पेटी देण्याआधी रुमाल धुवायची नवी रीत पडली आहे, आणि ती फार जुनी आहे असं सगळे सांगतात. माझी बाकीची पत्रकं कधीच जळून, पुड्या होऊन संपली. त्या एका गठ्ठ्याचं मात्र अजून चाललंय. दर दसऱ्याला त्याला फूल मिळतं, पान मिळतं, नमस्कार मिळतो, आणि तो पुढच्या घरी जातो. ‘वाचून झाल्यावर शेजारच्या घरी द्यावे,’ असं मी तळाशी छापलंच होतं. पहिले दोन शब्द सोडले, तर गाव ती सूचना निष्ठेने पाळतंय.